भांडखोर पूर्वज पाहिजेत

आमच्या मंडळातल्या प्रत्येकाचा एक तरी पूर्वज पानिपतावर पडलेला आहे. काहींचे दोन-दोन पडलेत. एका गृहस्थांच्या घरी तर खापरपणजोबांचे वडील, त्यांचे धाकटे बंधू, त्यांचा घोडा आणि घोड्याचा मोतद्दार असे सगळे १४ जानेवारी १७६१ रोजी एकाच बाभळीखाली पडले, असं पिढ्यान्‌पिढ्या सांगतात. बाभूळ उभी राहिली असावी, कारण तिचा उल्लेख पुढेही येतो.

“सगळेच तिथे पडले, तर आपण कुणापासून झालो?” असं मोडीच्या बाईंनी एकदा भर बैठकीत विचारलं. बराच वेळ कुणी बोललं नाही. हिशेब सरळ आहे. आपण जे परत आले त्यांचे वंशज. पण ‘आमचे पूर्वज पानिपताहून वेळेत निघाले’ असं छाती पुढे काढून सांगणारा मराठी माणूस मला अजून भेटायचा आहे. वास्तविक आपल्यावर उपकार आहेत ते त्याच शहाण्या माणसाचे.

मंडळ सांगलीतलं. घराण्यांचे इतिहास, वंशावळी, जुने कागद गोळा करणाऱ्या हौशी लोकांचं. दर रविवारी सकाळी एका देवळामागच्या हॉलमध्ये आम्ही जमतो. दुपारी तिथे कुणाचं तरी बारसं असतं, नाहीतर तेरावं. म्हणजे आम्ही उठलो की त्याच सतरंजीवर कुठल्या तरी वंशावळीत एक नाव वाढतं किंवा एका नावामागे ‘कै.’ लागतं. मंडळाला नाव नाही. ‘कुलवृत्तांत’ शब्द घेतला तर तो एकाच जातीचा वाटतो असं काहींचं म्हणणं, ‘वंशावळ’ म्हटलं की तहसील कचेरीची आठवण होते असं इतरांचं, आणि ‘इतिहास संशोधक’ म्हणायला पुण्यात १९१० साली राजवाड्यांनी जे मंडळ काढलं त्याच्याशी बरोबरी होते, ती नको, असं सगळ्यांचं. त्यामुळे पावतीपुस्तकावर वरची ओळ कोरी आहे. वर्गणी मात्र नियमित घेतली जाते.

मी चिटणीस. म्हणजे चहा सांगायचा आणि इतिवृत्त लिहायचं. सभासदांत दोन खांब. एक निवृत्त तलाठी, त्यांना सगळे भाऊसाहेब म्हणतात. दुसरे बँकेतून निवृत्त झालेले मॅनेजरसाहेब. त्यांनी आपली वंशावळ एक्सेलमध्ये बसवली आहे आणि प्रत्येक पूर्वजाला खातेक्रमांक दिला आहे. शाळेतून निवृत्त झालेल्या मोडीच्या बाई हे तिसरं दैवत. बाकी आम्ही भक्तगण.

नवा सभासद येतो तो शोधायला एक सरदार. निदान एक शिलेदार. त्याला आम्ही पहिल्याच दिवशी विचारतो, “तुमच्या घराण्यात भांडणं होती का?” तो दुखावतो. “छे हो, आमच्याकडे सगळे गुण्यागोविंदानं राहत.” मग आम्ही एकमेकांकडे पाहून हळहळतो. कारण गुण्यागोविंदानं राहणाऱ्यांचा कागद नसतो. ते जेवले, झोपले, शेत केलं, मेले. त्यांची नावं कुणी आणि कशाला लिहून ठेवावीत?

कागद भांडणारे ठेवतात. पाटीलकीची थोरली पाती आणि धाकटी पाती यांच्यात पोळ्याला कुणाचा बैल पुढे जायचा, होळीला कुणाची पोळी आधी पडायची, यावरून तंटा लागला की दोघांनाही मूळ पुरुषापासून आपला करीना लिहून द्यावा लागे. मूळ पुरुष अमुक, त्यास पुत्र तीन, वडील अमुक, मधला निपुत्रिक, धाकटा परागंदा... एका बैलापायी आठ पिढ्या कागदावर! मग गोतसभा बसे, महजर होई, त्यावर गावच्या बलुत्यांच्या निशाण्या होत. कुणब्याचा नांगर, सुताराचं वाकस. एवढ्यानंही भागलं नाही तर रवादिव्य. उकळत्या तेलात हात घालून धातूचा तुकडा बाहेर काढायचा. हात भाजला नाही तर वंशावळ खरी. भाऊसाहेब म्हणतात, “आता नुसत्या प्रतिज्ञापत्रावर काम होतं, म्हणून तर लोक काय वाट्टेल ते लिहितात.”

इंग्रजांनीही आमच्या छंदाला नकळत हातभार लावला. १८५२च्या कायद्यानं त्यांच्या इनाम कमिशनला अधिकार मिळाले आणि इनामदारांना विचारणा झाली की बाबांनो, ही जमीन कुणी, कुणाला दिली आणि तुम्ही त्याचे कोण? इनामदारांची झोप उडाली. ज्यांना आजोबांच्या पलीकडचं नाव माहीत नव्हतं त्यांनी घरातले हडपे उपसले, भटजींना विचारलं, म्हाताऱ्या चुलत्यांची समजूत काढली आणि कैफियती लिहून दिल्या. त्यांना झालेला मनस्ताप आज आमच्या रविवारच्या आनंदाला कारण होतो.

आणि सांगलीकरानं तरी भाऊबंदकीला नावं का ठेवावीत? हे संस्थानच भाऊबंदकीतून झालं. १८०१ साली चिंतामणराव आप्पासाहेब पटवर्धनांचं चुलत्यांशी बिनसलं, ते मिरजेहून वेगळे झाले आणि कृष्णेकाठी सांगलीला आले. चुलत्या-पुतण्यांत समेट झाला असता तर आम्ही आज मिरजेच्या बाहेरच्या एका घाटावर बसलो असतो. मिरजेचे सभासद अधूनमधून ही गोष्ट आम्हाला ऐकवतात. आम्ही ती इतिवृत्तात घेत नाही.

भांडणाखालोखाल कागद जपतं ते कर्ज. आमच्यात एक हार्डवेअरचे दुकानदार आहेत. त्यांच्या घरी मखमली कापडात गुंडाळलेला एक मोडी कागद आहे. सातारच्या शाहू छत्रपतींची सनद. दसऱ्याला पाटावर ठेवून तिची पूजा होते, सोनं वाहतात, नव्या सुनेला पहिल्या दसऱ्याला तिच्या पाया पडायला लावतात. मोडीच्या बाई मंडळात आल्या तेव्हा दुकानदारांनी सनद वाचायला आणली. बरोबर दोन भाऊ, एक मेहुणा आणि पेढे.

मोडी वाचणं सोपं काम नाही. आधी ओळ आखून तिच्याखाली बोरूनं न थांबता लिहीत जायचं. शब्द कुठे संपला ते वाचणाऱ्यानं ठरवायचं, ऱ्हस्व-दीर्घाचा पत्ता नाही. त्यात या कागदाला कित्येक वर्षांचं हळदकुंकू. बाईंनी भिंग लावलं. ओठ हलत होते. मध्येच त्या थांबल्या, चष्मा पुसला आणि म्हणाल्या, “चिटणीस, आधी चहा सांगा.”

चहा झाला. दुकानदार म्हणाले, “बाई, गावं किती दिल्यात?”

“गाव नाही हो,” बाई म्हणाल्या. “शके १७६५ दिसतंय. म्हणजे १८४३. तेव्हा शाहू छत्रपतींना जाऊन जवळजवळ शंभर वर्षं झाली होती. हा रोखा आहे. तुमच्या पूर्वजांनी सावकाराकडून रुपये घेतले, गहाण म्हणून उभं पीक आणि बैलांची जोडी लिहून दिली. खाली निशाणी नांगर.”

मेहुण्यानं पेढ्यांच्या खोक्याचं झाकण हळूच लावलं. पुढच्या दसऱ्याला पाटावर काय ठेवायचं हा विचार तिन्ही भावांच्या तोंडावर स्पष्ट दिसत होता. रक्कम किती हे विचारायचं धाडस कुणालाच झालं नाही. ती नेमकी कुंकवाखाली होती. तेवढ्यात भाऊसाहेबांनी कागद उलटासुलटा करून पाहिला आणि विचारलं, “हा कोपरा उंदरानं खाल्लाय, का फाडलाय?”

फाडलेला होता. सरळ, माणसाच्या हातानं.

“मग पेढे काढा,” भाऊसाहेब म्हणाले. “रोखा सावकाराकडं असतो. ऋणकोच्या घरात तो कधी येतो? कर्ज फिटल्यावर. सावकार कोपरा फाडून परत देतो. तुमच्या खापरपणज्यानं शेवटचा पैसा भागवलाय.”

सनद काय, राजाची मर्जी बसली की कुणालाही मिळायची. पण सावकाराच्या घरातून रोखा परत आणणारे शेतकरी त्या पंचक्रोशीत किती निघाले असतील? मला वाटतं हे त्याच्या मुलांना माहीत होतं आणि म्हणूनच त्यांनी तो कागद देवाजवळ ठेवला. मखमल आणि छत्रपती ही मागाहूनची भर. पूजा अजून चालू आहे. फक्त सुनेला आता काय सांगायचं यावर भावाभावांत एकमत नाही, आणि या मतभेदाचा कागद होतो का याकडे आमचं लक्ष आहे.

जुन्या वंशावळीत बायका नसतात. बाजीस पुत्र रामजी, रामजीस पुत्र बाजी, जणू प्रत्येक पिढीत पुरुषाला पुरुषच प्रसवत गेला. त्यातून नातवाला आजोबाचं नाव ठेवायची आपली पद्धत, म्हणून बाजी-रामजी-बाजी-रामजी असा सगळा वंश लेझीम खेळत गेल्यासारखा एक पाऊल पुढे, एक मागे. मॅनेजरसाहेबांच्या एक्सेलनं या नावांना ‘दुहेरी नोंद’ म्हणून खोडून टाकलं आणि त्यांच्या घराण्याच्या चार पिढ्या एका रात्रीत नाहीशा झाल्या. मुलींची नोंद कुठे असलीच तर ‘कन्या २’. लग्नानंतर आडनाव बदलायचं, बापाच्या नावाजागी नवऱ्याचं यायचं, बऱ्याच घरांत तांदळात अंगठीनं नवं नावही लिहायचे. तिला शोधायचं कुठून?

याही ठिकाणी भांडणच उपयोगी पडतं. नवरा वारला, मूल नाही, विधवेनं दत्तक घेतला आणि दीर कचेरीत गेला, की ती बाई एकदम पूर्ण नावानिशी उभी राहते. तिचं माहेर, तिच्या बापाचं नाव, दत्तविधीला कोण हजर होतं, दीर तेव्हा काय म्हणाला, जाऊ काय म्हणाली, सगळं जबाबात येतं. सुखानं संसार केलेल्या तिच्या सासूचं नाव मात्र कुठेच नाही.

ज्या हयात आहेत त्यांच्याकडे आमच्या महिला सभासद जातात. पुरुष गेले की “पणजोबा कुठले?” असं थेट विचारतात आणि म्हातारी गप्प होते. बायका आधी लोणच्याची चौकशी करतात. तासाभरानं म्हातारी आपणहून जावेच्या माहेरापर्यंत पोचलेली असते. एका नव्वदीच्या आजींनी सगळं सांगितलं, फक्त नवऱ्याचं नाव घेईनात. “न्हाई बाई, आमच्यात न्हाई घेत.” नाव न घेता वंशावळीत लिहायचं काय? शेवटी आमच्या एका वहिनींनी युक्ती केली, “आजी, उखाण्यात घ्या की.” आजींनी पदर सारखा केला, क्षणभर विचार केला आणि म्हणाल्या, “हळदीच्या पेवाला मातीचं झाकण, अमुकरावांचं नाव घेते, वंशाची करते राखण.” हरिपूरची हळदीची पेवं पाहिलेल्यांनाच ती ओळ सुचणार. टाळ्या वाजल्या, नाव लिहून घेतलं. उखाण्याचा पुरावा महसूल खातं मानत नाही. आम्ही मानतो.

जन्मतारखांचं विचारू नका. शाळेच्या जुन्या रजिस्टरप्रमाणे निम्मा महाराष्ट्र १ जूनला जन्मला आहे. पोर शाळेत आलं, बापाला तारीख सांगता येईना, गुरुजींनी वय अंदाजे पाहून १ जून टाकली. सख्खे तीन भाऊ, तिघांचाही वाढदिवस १ जून, असे दाखले आमच्याकडे फायलीभर आहेत. त्यापेक्षा म्हाताऱ्यांची कालगणना खात्रीची. प्लेगाच्या साली गाव माळावर राहायला गेलं तेव्हा हा पोटात होता. मानमोडीत ती गेली, म्हणजे १९१८. कोयनेचा भूकंप झाला तेव्हा हा रांगत होता, म्हणजे १९६७. बहात्तरच्या दुष्काळात खडी फोडताना तिला कळा लागल्या. कागद नाहीत याचीही ठरलेली कारणं आहेत. अठ्ठेचाळीसच्या जळितात गेले. २००५च्या पुरात भिजले. जे २००५मध्ये माळ्यावर ठेवले म्हणून वाचले ते २०१९मध्ये माळ्यासकट भिजले. कृष्णामाईनं आमच्या गावातून जितका इतिहास नेला तितका कुठल्या संशोधकानं बाहेर काढला नसेल.

ज्यांचं सगळं गेलं त्यांना नाशिक गाठावं लागतं. रामकुंडावर उपाध्ये पहिला प्रश्न विचारतात तो आडनाव आणि मूळ गाव. मग घरातून लांबट वही येते आणि तीत तुमच्या आजोबांची सही. मॅनेजरसाहेब चुलतीच्या अस्थी घेऊन गेले होते. मंत्र चालू असताना त्यांचा डोळा वहीवर. आजोबांची नोंद सापडली, ‘सोबत कुटुंब’ असंही सापडलं, आणि पुढे कुटुंबाचं जे नाव होतं ते घरात कुणी कधी ऐकलेलं नव्हतं. चुलतीच्या दिवशी आजी वाढली! भाऊसाहेबांची अडचण वेगळी. त्यांच्या उपाध्यांच्या घरात दोन पिढ्यांपूर्वी वाटण्या झालेल्या. वाटणीत भांडीकुंडी जातात तशा वह्याही गेलेल्या. आपली वंशावळ शोधायची तर आधी उपाध्यांची वंशावळ शोधणं भाग. हरिद्वारच्या पंड्यांच्या वह्यांची तर युटातल्या एका संस्थेनं मायक्रोफिल्म करून नेली आहे. म्हणजे सांगलीच्या माणसाला चुलतभावाच्या माळ्यावरची ट्रंक उघडता येत नाही, पण हरिद्वारची वही अमेरिकेत बघता येते.

आमच्याकडे, कर्नाटकाच्या अंगाला, हेळवी येतात. बैल, बैलाच्या गळ्यात घंटा आणि पोथीसारखं बाड. ठरलेल्या गावात, ठरलेल्या घरांपुढे उभं राहून हेळवी त्या घराची वंशावळ म्हणतो. गेल्या खेपेनंतर कोण जन्मलं, कोण गेलं ते विचारून नोंदवतो. धान्य, कापड, पैसे घेऊन पुढच्या दाराला जातो. पिढीजात धंदा. आमच्या एका शेतकरी सभासदानं मुद्दाम सुगीनंतर आम्हाला घरी बोलावलं. हेळव्यानं पंधरा पिढ्या एका दमात म्हटल्या. मॅनेजरसाहेबांनी लॅपटॉप उघडून विचारलं, “याला आधार काय?” हेळवी शांतपणे म्हणाला, “सायेब, माझ्या बापानं ह्यांच्या बापाला सांगितलंय. तवा कुनी न्हाई म्हटलं न्हाई.” भाऊसाहेब खूश झाले. हरकत घेण्याची मुदत संपली की फेरफार मंजूर होतो, हेच तत्त्व त्यांनी जन्मभर पाळलेलं.

गेल्या काही वर्षांत मंडळाची गर्दी वाढली त्याचं कारण मात्र हौस नाही. २०२३ साली सरकारनं न्यायमूर्ती संदीप शिंदे यांची समिती नेमली आणि मराठ्यांच्या कुणबी नोंदी शोधायचं काम निघालं. गाव नमुना १४, शाळांची प्रवेश-निर्गम रजिस्टरं, मोडीतली जुनी बाडं, सगळ्यांवरची धूळ एकदम झटकली गेली. मोडीच्या बाईंना आजवर कुणी लग्नाच्या अक्षता नेऊन देत नव्हतं. आता त्यांच्या दारात सकाळी सातला दोन जीपगाड्या असतात. परवापर्यंत यायचा तो विचारायचा, “बाई, आमचा पणजा सरदार होता ना?” आता तोच माणूस त्याच पणज्याचा कागद घेऊन येतो आणि काकुळतीनं विचारतो, “कुणबीच लिहिलंय ना? नीट बघा.” ज्या नांगराला बैठकीच्या खोलीतल्या तसबिरीत तलवारीनं झाकून टाकलं होतं त्याला शंभर-दीडशे वर्षांनी मान मिळाला, यात हसण्यासारखं काही नाही. पोराच्या नोकरीचा प्रश्न आहे. पण परवा एकाच्या कागदात खरोखरीचा सरदार निघाला, तेव्हा त्याचा चेहरा पाहण्यासारखा झाला होता.

एका सभासदांच्या न्यू जर्सीच्या पुतण्यानं नळीत थुंकून डीएनए तपासून घेतला. मोठा रंगीत नकाशा आला: तुम्ही दक्षिण आशियाई. मंडळानं त्याचं अभिनंदन केलं.

आता भाऊसाहेब आणि मॅनेजरसाहेब यांच्याविषयी. वर्षानुवर्षांचे मित्र. एक चहा दोन कपांत, एकाचं वर्तमानपत्र दुसऱ्याच्या मांडीवर. आडनावं वेगळी, गाव मात्र वाळवा तालुक्यातलं एकच, म्हणून ‘गाववाले’ म्हणायचे एकमेकांना. मागच्या पावसाळ्यात १९३१च्या एका दिवाणी दाव्याची नक्कल बाईंच्या हाती लागली. वादी आणि प्रतिवादी चुलतभाऊ. पाटीलकीमुळे एका पातीनं पाटील लावलं, दुसरीनं जुनं आडनाव ठेवलं. वाद विहिरीच्या पाण्याच्या पाळीचा. वादी भाऊसाहेबांचे आजोबा, प्रतिवादी मॅनेजरसाहेबांचे. बाईंनी मोठ्या प्रेमानं जाहीर केलं की तुम्ही दोघं एका रक्ताचे.

दोघांनी मिठी मारली, फोटो काढला. त्यानंतर दोघांनीही निकाल वाचला.

पुढच्या रविवारी भाऊसाहेब म्हणाले, “मोट आमची, नाडा आमचा, आणि पाळी ह्यांची चार दिवसांची?” मॅनेजरसाहेब म्हणाले, “विहीर कुणी खणली ते आधी सांगा.” आता ते हॉलच्या दोन टोकांना बसतात. चहा वेगवेगळा सांगावा लागतो, मंडळाचा खर्च वाढला आहे. पण मंडळाचं असं भाग्य कधी उजळलं नव्हतं. भाऊसाहेबांनी पीकपाहणीचे उतारे आणले. त्याला उत्तर म्हणून मॅनेजरसाहेबांनी विहिरीच्या तगाईची पावती आणली. भाऊसाहेब गावी जाऊन एका पडक्या वाड्यातून हडपाच घेऊन आले. त्यात सात पिढ्यांचे कागद आणि दोन दत्तकपत्रं. बाई रात्री जागून लिप्यंतर करतायत. गेल्या बैठकीत कुणीतरी भाबडेपणानं सुचवलं की दोघांना समोरासमोर बसवून मिटवून टाकू या. अध्यक्षांनी त्याला खाली बसवलं.

बैठक संपताना भाऊसाहेब माझ्याजवळ आले. “चिटणीस, तगाईच्या पावतीला माझी हरकत आहे. इतिवृत्तात लिहा, आणि सहीशिक्क्याची नक्कल द्या.”

पाठोपाठ मॅनेजरसाहेब. “त्यांनी काय लिहून घेतलं? मलाही एक नक्कल हवी.”

शिक्का करायचा तर मंडळाला नाव पाहिजे. तो विषय पुढच्या रविवारी घेतला आहे.